नायट्रो आरसी इंजिन मॉडिफाय करायला शिकताना

नायट्रो इंजिन, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीचं मिथेनॉल-नायट्रोमिथेन इंधनावरचं छोटं दोन-स्ट्रोक इंजिन, उघडणाऱ्या नवख्याचा हात पहिल्यांदा रोटरी टूलकडे जातो. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायू आत-बाहेर जाण्याची भोकं) मोठे केले की गाडी पळेल, हा हिशेब डोक्यात पक्का असतो. पण पोर्ट घासणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं प्रकरण. साध्या, बॉक्समधून काढलेल्या इंजिनाची बरीच ताकद हवा घेणारे जोड, चुकीची हेड क्लिअरन्स (पिस्टन अगदी वर असताना तो आणि हेड यांच्यातली फट) आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या कडा यांत वाया जाते. शिम (जागा भरणारी पातळ चकती) घातली, पटली नाही, काढली; घासलेला धातू मात्र परत चिकटवता येत नाही. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवला आहे: मागे फिरता येईल अशी कामं आधी, मागे फिरता येणार नाही ती नंतर.

शिकायला कुठलं इंजिन घ्यावं

एकुलतं एक चालू इंजिन घेऊ नका. कॉम्प्रेशन शिल्लक असलेलं जुनं .१२, .१५, .१८ किंवा .२१ इंजिन घ्या. हे आकडे घनइंचातले आहेत: .१२ म्हणजे सुमारे २.१ सीसी, .१८ म्हणजे ३ सीसी आणि .२१ म्हणजे ३.५ सीसी. पहिल्या इंजिनासाठी .२१ सोयीचं, कारण आत बोट नाही तरी निदान बर (रोटरी टूलचं कापणारं टोक) नीट शिरतो. ज्याची स्लीव्ह-पिस्टन जोडी (स्लीव्ह म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), रॉड आणि बेअरिंग सहज मिळतात असंच मॉडेल निवडा.

उघडण्याआधी एक तपासणी. इंजिन थंड असताना ग्लो प्लग (मिश्रण पेटवणारा, तापत्या तारेचा प्लग) बसवून फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन अगदी वर येताना घट्ट अडकल्यासारखा झाला पाहिजे. याला पिंच म्हणतात आणि तो दोष नाही. या इंजिनांची रचना एबीसी पद्धतीची असते: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह, स्लीव्हच्या आत क्रोमचा थर. पिस्टनला रिंग नसते. सील होतं ते केवळ मापाच्या जुळणीने. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते. चालू इंजिनात तेच टोक सगळ्यात जास्त तापतं, सिलिकॉन मिसळलेल्या पिस्टनपेक्षा पितळ जास्त फुलतं आणि बोअर सरळ होते. थंड इंजिनात पिस्टन कुठेही न अडता सुळकन फिरत असेल तर जोडी संपलेली आहे. अशा इंजिनावर हात साफ करून घ्या, पण त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा ठेवू नका.

हत्यारं

वेग कमी-जास्त होणारं रोटरी टूल, १ ते २ मिमीचे डायमंड बर, एक बारीक टंगस्टन कार्बाइड बर, रबरी पॉलिशिंग टोकं, ४०० ते १५०० नंबरचा वॉटर पेपर. मोजण्यासाठी डिजिटल व्हर्नियर, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, अंशांची चकती, १ मिमी जाडीची सोल्डरची तार. शिवाय कायम शाईचा बारीक मार्कर, छोटा टॉर्च, हीट गन, इन्फ्रारेड तापमापक, ०.१ मिमीच्या हेड शिम आणि गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) नव्या क्लिप. अंशांची चकती कागदावर छापून जाड प्लॅस्टिकवर चिकटवली तरी चालते. व्यास १०० मिमीच्या आसपास ठेवा, म्हणजे अर्धा अंशही वाचता येतो.

गॉगल आणि मास्क लावूनच घासकाम करा. इंधनातला मिथेनॉल विषारी असतो, त्वचेतूनही शरीरात जातो, आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा, आणि इंधनाची बाटली उघडी असताना हीट गन किंवा रोटरी टूल चालवू नका.

उघडण्याआधी इंजिन चालवा

हे बहुतेक जण गाळतात आणि नंतर फरक पडला की नाही यावर वाद घालत बसतात. एकाच इंधनावर, एकाच जागी दोन-तीन टाक्या चालवा आणि वहीत लिहा: हेडचं तापमान (तापमापक ग्लो प्लगच्या बुडाशी रोखून), कार्ब्युरेटरची मुख्य नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे उघडी आहे, लो-स्पीड नीडल किती, एक टाकी किती मिनिटं चालते, आयडल स्थिर राहतो का. प्लग काढून तारही पाहून ठेवा.

इंजिन खोलणं

बाहेरची माती ब्रशने आणि स्पिरिटने आधी साफ करा. मग कार्ब (कार्ब्युरेटर), बॅकप्लेट (क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या धडाचं, मागचं झाकण) आणि हेड काढा. हेडचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, अर्धा-अर्धा फेरा सैल करत काढा. हेड बटणाखालच्या (बटण म्हणजे हेडचा ज्वलनकक्षाचा भाग) शिम चिकटून येतात. त्या मोजून एका डबीत ठेवा, नाहीतर एखादी पुसायच्या फडक्यात निघून जाते.

स्लीव्ह अडली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. फ्लँजला (स्लीव्हच्या वरच्या पसरट कडेला) एक ओरखडा पडला की हेड पुन्हा नीट सील होत नाही. क्रँककेस हीट गनने तापवा. पिस्टन खाली नेऊन एक्झॉस्ट पोर्टमधून नायलॉनच्या केबल टायचं टोक पिस्टनच्या माथ्यावर सरकवा आणि फ्लायव्हील हळू फिरवा. वर येणारा पिस्टन टायला पोर्टच्या वरच्या कडेशी दाबतो आणि स्लीव्ह स्वतःच वर उचलली जाते. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, आणखी तापवा, पुन्हा फिरवा.

पिस्टन काढताना त्याची पुढची बाजू आतून मार्करने खुणेने दाखवा. रॉडचीही. एकमेकांत बसलेली जोडी उलटी बसली की पिंच लवकर संपतो.

काळपट तपकिरी थर हा जळलेल्या एरंडेल तेलाचा असतो. स्पिरिटने तो हलत नाही. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट मंद आचेवर गरम करून त्यात सुटे भाग काही तास ठेवले की तो सुटतो. भांडं या कामासाठी वेगळंच हवं. ग्लायकॉल विष आहे, स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही.

मोजमाप: अर्धं काम इथेच

अंशांची चकती क्रँकच्या पुढच्या टोकाला फ्लायव्हीलच्या नटने घट्ट बसवा. ताठ तारेचा काटा माउंटच्या स्क्रूखाली धरा. हेड काढलेलं असताना स्लीव्ह पिस्टनबरोबर वर उचलली जाते आणि सगळे आकडे चुकतात. म्हणून दोन स्क्रू आणि मोठे वॉशर लावून फ्लँज दाबून ठेवा.

१. टॉर्च एक्झॉस्ट पोर्टमध्ये धरा आणि वरून बोअरमध्ये पाहा. इंजिन चालतं त्याच दिशेने फ्लायव्हील फिरवा. पिस्टनच्या कडेवर प्रकाशाची पहिली रेघ उमटली तो अंश लिहा. तसंच पुढे फिरवत जा. रेघ पुन्हा नाहीशी झाली तो अंश लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे एक्झॉस्ट ड्युरेशन.

२. त्या दोन अंशांचा मध्य म्हणजे बीडीसी, पिस्टन अगदी खाली असतानाची जागा. उदाहरणार्थ उघडणं ९३ वर आणि बंद होणं २६७ वर आलं, तर ड्युरेशन १७४ अंश आणि मध्य १८०. मध्य १८० वर येत नसेल तर चकती सैल करून तेवढी सरकवा. यामुळे टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची जागा, वेगळी शोधावी लागत नाही. ती नजरेने शोधायला गेलात तर दोन-तीन अंश सहज चुकतात, कारण त्या ठिकाणी क्रँक फिरतो पण पिस्टन जवळजवळ हलत नाही.

३. ट्रान्सफर पोर्टसाठी (क्रँककेसमधलं ताजं मिश्रण यांतून सिलिंडरमध्ये येतं) बॅकप्लेटच्या बाजूने टॉर्च आत धरा आणि हाच प्रकार करा. दोन्ही बाजूंचे पोर्ट आणि मागचा बूस्ट पोर्ट स्वतंत्रपणे लिहा.

४. कार्बच्या भोकातून क्रँकची खिडकी (शाफ्टमधलं मिश्रण आत घेणारं भोक) पाहा. ती बीडीसीनंतर किती अंशांनी उघडते आणि टीडीसीनंतर किती अंशांनी बंद होते ते लिहा.

ऑफ-रोड बग्गीच्या .२१ इंजिनात एक्झॉस्ट साधारण १७० ते १७८ अंश, ट्रान्सफर १२० ते १२६ च्या आसपास. क्रँक बीडीसीनंतर सुमारे ३५ ते ४५ वर उघडते आणि टीडीसीनंतर ६० ते ७० वर बंद होते. तुमचे आकडे या पट्ट्यात असतील तर टायमिंगला हात लावण्याचं कारणच उरत नाही.

एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर यांच्यातल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे ब्लोडाउन. १७४ आणि १२२ असेल तर २६ अंश. एक्झॉस्ट उघडल्यावर सिलिंडरमधला दाब उतरायला एवढाच वेळ मिळतो. तो कमी पडला की जळका वायू ट्रान्सफरमध्ये उलटा घुसतो, ताजं मिश्रण खराब होतं आणि वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं.

पहिलं खरं काम: हवा बंद करणं

दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. तिथे केसाएवढी फट असली तरी मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), आयडल वर-खाली होतो आणि नीडल कितीही फिरवली तरी ट्यूनिंग जागेवर येत नाही.

तपासायची पद्धत सोपी. इंजिन पुन्हा जोडा, पिस्टन बीडीसीला ठेवा, एक्झॉस्ट आणि कार्बचं तोंड रबरी बुचाने बंद करा, इंधनाच्या नळीच्या तोंडावर टोपी घाला. ग्लो प्लगच्या भोकात नळी दाबून बसवा आणि सिरिंजने हलका दाब द्या. पिस्टन खाली असल्यामुळे हवा ट्रान्सफरमधून क्रँककेसमध्ये उतरते. आता कार्बची मान, बॅकप्लेट, दोन्ही नीडलचे ओ-रिंग यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. फुगे दिसले तिथे लीक. पुढच्या बेअरिंगपाशी थोडे फुगे येतातच, त्यांचा धसका घेऊ नका. पण तिथून सतत फेस येत असेल आणि चालवताना फ्लायव्हीलमागे तेलाचा थर साचत असेल, तर ते बेअरिंग बदला. .२१ मध्ये पुढचं बेअरिंग बहुधा ७×१९×६ मिमी आणि मागचं १४×२५.४×६ मिमी असतं. तरी जुनं मोजूनच नवं घ्या. बदलताना क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशांच्या थोडी वर तापवून लाकडी ठोकळ्यावर आपटली की मागचं बेअरिंग आपोआप निसटतं. थंड केसमधून ठोकून काढलंत तर त्याची बैठक खराब होते.

कार्बच्या मानेला इंधनाला टिकणाऱ्या सिलिकॉन सीलंटचा पातळ हात पुरतो. जाड लावलंत तर जास्तीचं आत सरकतं आणि पुढे क्रँकमध्ये जातं. कार्ब खाली दाबून धरूनच पिंच बोल्ट (मान पकडून ठेवणारा बोल्ट) आवळा आणि रात्रभर सुकू द्या. कित्येक इंजिनं एवढ्यानेच अशी सुधारतात की मालक बर ठेवून देतो. त्याने ते केलं तर बरंच.

हेड क्लिअरन्स

या इंजिनात स्पार्क नाही, त्यामुळे स्पार्कचं टायमिंगही नाही. ग्लो प्लगची तार प्लॅटिनमयुक्त मिश्रधातूची असते. मिथेनॉलची वाफ तिच्या पृष्ठभागावर प्रतिक्रिया करते आणि तार स्वतःच लाल राहते. मिश्रण नेमकं कधी पेटणार हे कॉम्प्रेशन, प्लगची उष्णता आणि इंधन यांवर ठरतं. म्हणजे हेडखालची शिम हाच तुमचा टायमिंगचा स्क्रू.

सोल्डर तारेचे दोन तुकडे ग्रीसने पिस्टनच्या माथ्यावर चिकटवा. गजन पिनच्या रेषेत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, टोकं स्लीव्हच्या भिंतीला लागलेली. पिनच्या आडव्या रेषेत ठेवले तर पिस्टन डुलतो आणि माप फसवं येतं. हेड रोजच्यासारखं पूर्ण आवळा, क्रँक एकदा टीडीसीवरून पार न्या, हेड काढा आणि चेपलेली टोकं मायक्रोमीटरने मोजा. दोन्हींत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हेड तिरकं बसलंय किंवा फ्लँजखाली कचरा आहे.

.२१ साठी ०.५० ते ०.७० मिमी हा सुरक्षित पट्टा. .१२ मध्ये ०.४० ते ०.५० च्या आसपास. इंधनातलं नायट्रोमिथेन १० टक्क्यांनी वाढलं तर साधारण ०.१ मिमीची एक शिम जास्त, असा ढोबळ नियम आहे. एका वेळी एकच शिम काढा किंवा घाला. क्लिअरन्स फार कमी झाली की तळल्यासारखा तडतड आवाज येतो, पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे पडतात, प्लगची तार वाकडी-करडी होते किंवा तुटते, आणि मिश्रण रिच (इंधन जास्त) असूनही तापमान उतरत नाही. फार जास्त झाली तर इग्नायटर (सुरू करताना ग्लो प्लग तापवणारी बॅटरी) काढताच इंजिन मरतं आणि थ्रॉटल दिल्यावर आळसावल्यासारखं उठतं.

क्रँककेस आणि ट्रान्सफरच्या वाटा

आता पहिल्यांदा टूल हातात घ्या, तेही सगळ्यात कमी धोक्याच्या जागी. ओतीव क्रँककेसमध्ये ट्रान्सफरच्या वाटेवर ओतकामाची शीव आणि उठलेल्या कडा असतात. त्या काढा. मग स्लीव्ह आत बसवून स्लीव्हमधल्या पोर्टची बाह्यरेषा मार्करने केसवर उमटवा आणि केसची वाट तिथे मिळवून घ्या, म्हणजे मिश्रणाला मध्येच पायरी लागणार नाही. बर कमी वेगाने आणि हलक्या हाताने चालवा. ॲल्युमिनियम बरच्या दातांत भरून बसतं, म्हणून मधून मधून दात मेणावर फिरवा. पृष्ठभाग आरशासारखा करायची गरज नाही. ४०० च्या पेपरची फिनिश भरपूर झाली. स्लीव्ह जिथे केसला टेकते तो गोल भाग मात्र अस्पर्श राहिला पाहिजे. तिथूनच स्लीव्हची उष्णता केसमध्ये जाते.

क्रँकशाफ्ट

क्रँक कडक पोलादाची असते. त्यामुळे डायमंड बर लागतो आणि काम हळू होतं, जे नवख्याच्या दृष्टीने चांगलंच. आतली पोकळी गुळगुळीत करा, खिडकीच्या आतल्या कडेला गोलाई द्या. खिडकीचे कोपरे टोकदार असतील तर ते आधी गोल करा. क्रँक तुटते ती बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यातून सुरू झालेल्या तड्याने. शेवटचं पॉलिश शाफ्टच्या लांबीच्या दिशेने करा. आडवा ओरखडा राहिला तर तोच पुढे तडा होतो.

खिडकी रुंद करायची असेल तर हिशेब करून करा. १४ मिमी व्यासाच्या शाफ्टवर परिघाचा १ अंश म्हणजे सुमारे ०.१२ मिमी. ०.५ मिमी घासलं की ४ अंश गेले. कुठली कड उघडते आणि कुठली बंद करते हे इंजिन फिरवून पाहा आणि मार्करने लिहा. इथे अंदाज चुकला तर काम उलटं होतं. बंद होणं लांबवलं की वरचा आरपीएम वाढतो, पण आयडल आणि खालची ओढ जाते, कार्बमधून इंधनाची फवारणी उलटी बाहेर येते. पहिल्या खेपेला २ अंशांवर जाऊ नका. शाफ्टचा बाहेरचा गोल पृष्ठभाग अजिबात घासायचा नाही, कारण तो आणि केस यांच्यातली बारीक फटच तिथलं सील असते.

क्रँकच्या पोकळीत इपॉक्सी भरून उतार करण्याची पद्धत फोटोंत फार देखणी दिसते. नीट चिकटलं नाही तर तुकडा सुटून पिस्टनपर्यंत जातो. ते तिसऱ्या-चौथ्या इंजिनासाठी ठेवा.

स्लीव्ह

स्लीव्हमध्ये सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे पोर्टची बरोबरी. वहीतले आकडे पाहा. डावा ट्रान्सफर उजव्यापेक्षा दीड अंश आधी उघडतोय का? उशिरा उघडणाऱ्या पोर्टची वरची कड तेवढीच उचला, दुसऱ्याला हात लावू नका. मिश्रण दोन्हीकडून सारखं आलं की दोन धारा मधोमध भेटून मागच्या भिंतीकडे वळतात. नाहीतर एक धार थेट एक्झॉस्टच्या दिशेने निघून जाते.

प्रमाण लक्षात राहू द्या. सुमारे १६.८ मिमी स्ट्रोकच्या .२१ इंजिनात पोर्टची कड ०.१ मिमी उचलली की एक्झॉस्ट ड्युरेशन सुमारे १.४ अंशांनी वाढतं, ट्रान्सफरचं सुमारे १.८ अंशांनी. ट्रान्सफरचा आकडा मोठा का? कारण तो उघडतो तेव्हा पिस्टन खालच्या टोकाजवळ मंदावलेला असतो. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. काही जण फ्लँजखाली शिम घालून अख्खी स्लीव्ह वर उचलतात. घासावं लागत नाही, परत काढता येतं, त्यामुळे शिकायला ही उत्तम युक्ती. पण त्याने ट्रान्सफर जास्त वाढतो, एक्झॉस्ट कमी, आणि ब्लोडाउन थोडं घटतं. शिवाय स्लीव्हबरोबर हेडही तेवढंच वर जातं. हेडखालची तितकीच शिम काढली नाही तर कॉम्प्रेशन पडतं आणि दोष टायमिंगवर येतो.

घासताना क्रोमची काळजी. थर कडक आणि ठिसूळ असतो. बरचे दात बोअरकडून पितळेकडे कापत जातील अशी दिशा धरा, म्हणजे थर पितळेवर दाबला जातो. उलट दिशेने कापलं तर तो पापुद्र्यासारखा उचलला जातो. एकदा कडेला कपची उडाली की ती स्लीव्ह भंगारात, कारण पुढची प्रत्येक फेरी पिस्टनवर रेघ मारते. ०.०५ मिमी घासा, धुवा, बसवा, मोजा, मग पुढचं ०.०५. शेवटी पोर्टच्या आतल्या कडेला बारीक डायमंड कानशीने ०.१ मिमीची गोलाई द्या. नखाने कड चाचपून पाहा, अडकायला नको.

पिस्टन

पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भिंतीला) ट्रान्सफरसमोर अर्धगोल खाचा पाडतात, म्हणजे क्रँककेसमधून वर जाणाऱ्या मिश्रणाची वाट मोकळी होते. त्याआधी पिस्टन टीडीसीला नेऊन एक्झॉस्टमधून पाहा. स्कर्टने पोर्टची खालची कड झाकलेली असलीच पाहिजे. त्या बाजूचा स्कर्ट कापलात तर पिस्टन वर असताना क्रँककेस एक्झॉस्टकडे उघडी पडते आणि इंजिन नीट सुरूही होत नाही. गजन पिनभोवतालची भिंत पातळ करायची नाही. पिस्टनचा बाहेरचा पृष्ठभाग पेपरने चकचकीत करायचाही मोह आवरा. पिंच तिथेच आहे.

कार्ब आणि पाइप

वेंच्युरी इन्सर्ट (कार्बमधल्या हवेच्या वाटेचा व्यास ठरवणारं कडं) बदलता येत असेल तर .२१ मध्ये ६ ते ९ मिमीपर्यंत पर्याय असतात. मोठ्याने वरची ताकद मिळते, इंधन जास्त लागतं आणि हळू थ्रॉटलवर गाडी हाताळायला अवघड जाते. अर्ध्या-अर्ध्या मिमीने बदला. स्पर्धेत उतरायचं असेल तर वेंच्युरी आणि पाइपचे नियम आधी वाचा.

एक्झॉस्ट पाइपच्या लांबीचा हिशेब असा. पिस्टनपासून पाइपच्या मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतची लांबी, मीटरमध्ये = ध्वनीचा वेग × एक्झॉस्ट ड्युरेशन ÷ (१२ × आरपीएम). तापलेल्या एक्झॉस्टमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ५१८ मीटर धरतात. १७५ अंश आणि ३२,००० आरपीएमसाठी उत्तर येतं सुमारे २३६ मिमी. मॅनिफोल्ड १० मिमी लांब केला की तोच पाइप ३०,७०० च्या आसपास जुळतो, म्हणजे वळणातून बाहेर पडताना ओढ वाढते आणि सरळ पट्ट्यात थोडी कमी होते. वायूचं तापमान बदललं की आकडाही हलतो, म्हणून ही सुरुवातीची लांबी समजा. एक्झॉस्ट ड्युरेशन वाढवलं आणि पाइप तोच ठेवला तर दोघांचा मेळ बिघडू शकतो. पोर्ट केल्यावर गाडी मंद झाली, या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

धुणं आणि जोडणं

घासकामाची भुकटी म्हणजे बेअरिंगचा शत्रू. प्रत्येक भाग आधी साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने, मग स्पिरिटमध्ये धुवा आणि दाबाच्या हवेने वाळवा. बेअरिंग केसमध्येच ठेवून घासकाम केलं असेल तर ती बदलायची तयारी ठेवा. जोडताना स्लीव्ह, पिस्टन, रॉडची दोन्ही टोकं आणि बेअरिंगवर इंजिन ऑइलचे थेंब सोडा. गजन पिनच्या क्लिप नव्याच घाला आणि त्या खाचेत फिरतात का ते चिमट्याने पाहा. अर्धवट बसलेली क्लिप पहिल्याच टाकीत सुटते आणि स्लीव्ह वरपासून खालपर्यंत ओरबाडून काढते. स्लीव्हची खाच केसमधल्या पिनवर आली की नाही ते बघा. हेडचे स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा.

पुन्हा सुरू करताना

मुख्य नीडल आधीच्या आकड्यापेक्षा अर्धा फेरा जास्त उघडा. मोकळं केलेलं इंजिन जास्त हवा घेतं, त्याला इंधनही जास्त लागतं. जुन्या नीडलवर ते लीन चालेल आणि पहिल्या मिनिटातच जोडी खराब होईल. हेड हीट गनने ८० ते ९० अंशांपर्यंत तापवून मगच स्टार्टर लावा, म्हणजे पिंचमुळे रॉडवर ताण येत नाही. चाकं हवेत धरून पूर्ण थ्रॉटल कधीही देऊ नका. ओझं नसलेलं इंजिन रॉड सहन करू शकेल त्याच्या पलीकडे फिरतं.

जुनीच जोडी असेल तर दोन टाक्या मऊ हाताने चालवा: दोन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, हेड ९५ ते १०५ अंश, एक्झॉस्टमधून धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. नवी जोडी असेल तर चार टाक्या. प्रत्येक वेळी इंजिन बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. वर राहिला तर निवताना स्लीव्ह त्याच्यावर आवळते.

मग ट्यूनिंग. मुख्य नीडल फेऱ्याच्या आठव्या भागाने बंद करत जा. तापमान १०० ते १२० अंशांत राहावं. लो-स्पीडसाठी आयडलवर इंधनाची नळी टाकीजवळ चिमटा. तीन-चार सेकंदांनी आरपीएम किंचित वाढून इंजिन मेलं तर नीडल बरोबर आहे. लगेच मेलं तर लीन. बराच वेळ चालत राहून खूप चढलं तर रिच. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच उतरत नसेल तर मिश्रण लीन आहे किंवा कुठेतरी अजून हवा शिरतेय. अशा वेळी नीडल फिरवत बसण्यापेक्षा साबणाचं पाणी पुन्हा बाहेर काढा.

तिसऱ्या टाकीनंतर प्लग काढून पाहा. तार ओली आणि चकचकीत असेल तर ठीक, करडी आणि वेडीवाकडी असेल तर हेडखाली ०.१ मिमीची शिम वाढवा. तारेवर चमचमणारे धातूचे कण दिसले तर तिथेच थांबा आणि मागचं बेअरिंग आधी तपासा. मग हेड काढून पिस्टनच्या बाजूला एक्झॉस्टच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात उभ्या रेघा आहेत का बघा. असतील तर पोर्टच्या आतल्या कडेची गोलाई कमी पडली आहे. स्लीव्ह बाहेर काढा आणि ती कड पुन्हा नखाने चाचपा.